सोलापूरहून रामोजीत दोन रात्री: जुना अल्बम घेऊन तीन पिढ्यांचा मुक्काम

१९९६ मध्ये रामोजी राव यांनी हैदराबादजवळ फिल्म सिटी उभारली आणि सोलापूरकरांना फिरायला जायला एक नवं ठिकाण मिळालं. मुंबईपेक्षा जवळ, रस्ता सरळ, आणि पूर्व भागातल्या पद्मशाली घरांना तर तिथली भाषाही घरचीच. शाळेच्या सहली गेल्या, कुणाचं लग्नानंतरचं पहिलं फिरणं तिथं झालं, पोरांना खांद्यावर घेऊन बापांनी कारंज्यापुढं फोटो काढले. ते फोटो आता चिकट पानांच्या अल्बमात पिवळे पडताहेत आणि खांद्यावरची पोरं चाळिशीकडं आली आहेत.

त्याच माणसांना त्याच जागी, नातवंडांसह पुन्हा नेऊन तेच फोटो पुन्हा काढायचे असतील तर ही सहल नेहमीच्या सहलीसारखी आखून चालत नाही. नेहमीच्या सहलीत जास्तीत जास्त बघायचं असतं. इथं पाच-सात ठरलेल्या जागी निवांत पोचायचं असतं, आणि तिथं पोचेपर्यंत आजी-आजोबांच्या अंगात त्राण उरलेलं असलं पाहिजे. सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करा.

म्हणून पहिला निर्णय: मुक्काम आवारातल्याच हॉटेलात, आणि दोन रात्री. फिल्म सिटीचा पसारा १,६६६ एकरांचा आहे. जगातलं सर्वांत मोठं चित्रपट संकुल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. बाहेरून एका दिवसासाठी येणाऱ्याला फाटकापाशी गाडी लावून बसनं आत जावं लागतं, दिवसभर बस बदलत फिरावं लागतं आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर परतीच्या रांगेत उभं राहावं लागतं. सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांना ही रांगच नको होते. एका रात्रीचा मुक्काम कागदावर ‘दोन दिवस’ दिसतो, पण दुपारनंतर खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधूनच बाहेर पडावं लागतं. दुपारी पाठ टेकायला जागा उरत नाही. दोन रात्रींमध्ये मधला दिवस अख्खा मिळतो आणि पाठीशी खोली असते.

तारीख

सोलापुरात आणि हैदराबादेत उन्हाळा सारखाच कडक. एप्रिल-मे टाळाच, बरोबर म्हातारी माणसं असतील तर नक्कीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, पण त्यातही दोन खड्डे आहेत. पहिला डिसेंबरअखेरचा, तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. दुसरा संक्रांतीचा. आपल्याकडं त्या आठवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा, असतो, तिकडं आंध्र-तेलंगणातला सर्वांत मोठा सण. हैदराबादेतले लोक गावाकडं निघतात आणि विजयवाड्याकडं जाणारा महामार्ग तुंबतो. फिल्म सिटी नेमकी त्याच महामार्गावर आहे.

सर्वांत सोयीची वेळ म्हणजे भाऊबीज झाल्यानंतरचे सोमवार ते गुरुवार. आपल्या शाळांना दिवाळीची सुट्टी असते. तेलंगणातल्या शाळांची मोठी सुट्टी बतुकम्मा-दसऱ्याला होऊन गेलेली असते, त्यामुळं स्थानिक गर्दी ओसरलेली असते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्यांनी मात्र कार्तिकी एकादशी कधी आहे ते बघून निघावं, कारण तेव्हा तिकडचे रस्ते भरलेले असतात.

निघण्याआधी महिनाभर: अल्बम

घाई करू नये असं काम हेच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही याकडंच होतं.

नव्वदच्या दशकातल्या अल्बमांत चिकट पानावर फोटो ठेवून वरून प्लॅस्टिक ओढलेलं असतं. तो चिकटपणा वर्षांनुवर्षं कागदात मुरतो. फोटो कोपऱ्याला धरून ओढला तर तो वाकतो, वरचा रंगाचा थर तडकतो, आणि ती चीर पुन्हा बुजत नाही. दात साफ करायचा बारीक दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फोटोच्या मागून घालून करवतीसारखा हळूहळू पुढं-मागं ओढत न्या. फोटो निघाला तर ठीक. अडला तर हट्ट करू नका, आहे तिथंच ठेवून मोबाईलनं फोटो घ्या. त्यासाठी प्लॅस्टिक उचलून ठेवा, खिडकीजवळच्या सावलीत पान सपाट मांडा, फ्लॅश बंद करा आणि मोबाईल पानाला समांतर धरा. सुटे फोटो स्कॅन करून घेणार असाल तर दुकानदाराला ६०० डीपीआय सांगा. चार बाय सहा इंची फोटोची त्यातून २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रत मिळते आणि पुढं मोठी छपाईही करता येते.

मग निगेटिव्ह शोधा. बहुतेक घरांत ती फोटो स्टुडिओच्या पाकिटातच राहिलेली असतात. निगेटिव्हच्या कडेला १ ते ३६ पर्यंत आकडे छापलेले असतात, आणि तेवढ्यावरून त्या दिवसाचा क्रम सापडतो. अल्बमात फोटो आवडीप्रमाणं लावलेले असतात, निगेटिव्हवर मात्र ते काढले त्याच क्रमानं असतात. सहा नंबरला कारंजं, सात नंबरला पायऱ्या, नवाला रेल्वे स्टेशनचा सेट असेल तर तुम्ही आधी बागेत होता आणि नंतर सेटकडं गेलात हे कळतं. अनोळखी पायऱ्यांचा फोटो कारंज्याच्या आसपासचा असणार, हेही कळतं. निगेटिव्ह दिसायला मोबाईलचा पांढरा पडदा मागं धरा, दुसऱ्या मोबाईलनं फोटो काढा आणि रंग उलटे करा. निळसर दिसेल, पण जागा ओळखायला पुरेसं आहे.

आता घरातल्या मोठ्यांना घेऊन बसा. एका बैठकीत दहा-बारा फोटो, त्याहून जास्त नकोत. ‘हे कधीचं?’ असं विचारलं की साल आठवत नाही आणि माणूस गप्प होतो. त्याऐवजी ‘ही साडी कुठं घेतली होती?’, ‘तेव्हा गाडी कुणाची होती?’, ‘डब्यात काय नेलं होतं?’ असं विचारा. वस्तूंवरून माणसं आठवतात, माणसांवरून जागा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला तारीख व बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं म्हणा, नाहीतर दहा वर्षांनी आवाज कुणाचा यावर वाद होतात. आजी आणि आत्या वेगळं सांगत असतील तर तिथं निवाडा करू नका, दोन्ही लिहून घ्या.

शेवटी पाच ते सात फोटो निवडा, आणि निवडताना हे ध्यानात ठेवा: सेट बदलतात, बागा टिकतात. चित्रपटाचे सेट प्लॅस्टर, प्लायवूड आणि फायबरचे असतात. चित्रीकरणाच्या गरजेप्रमाणं ते रंगवले जातात, पाडले जातात, त्यांच्या पाट्या बदलतात. काही इमारतींच्या तर चारही बाजूंना चार वेगळे दर्शनी भाग असतात. याउलट दगडी पायऱ्या, कारंज्याचं कुंड, बागेची आखणी आणि कठडे सहसा तिथंच राहतात. मुघल उद्यान, जपानी उद्यान, एंजल्स फाउंटन, सन फाउंटन अशा ठिकाणचे फोटो पुन्हा जुळण्याची शक्यता सर्वांत जास्त. रंगीत दुकानांच्या रस्त्यावरचा फोटो असेल तर तो ‘मिळाला तर मिळाला’ या यादीत टाका. आजोबांना हे घरीच सांगून ठेवा. तिथं पोचल्यावर ‘इथं तर निळी इमारत होती’ म्हणत हिरमोड होण्यापेक्षा बरं.

एक नाजूक गोष्ट. जुन्या फोटोतलं कुणी आज हयात नसेल, तर त्या जागी पुन्हा उभं राहायचं का, हे त्यांच्या सर्वांत जवळच्या माणसाला घरीच, एकांतात विचारा. कॅमेरा रोखून सगळ्यांसमोर नव्हे. काहींना ती जागा रिकामी सोडून उभं राहायला आवडतं, काहींना तिथं नातवाला उभं करावंसं वाटतं, काहींना तो फोटोच नको असतो. तिन्ही बरोबर आहेत.

मूळ फोटो बरोबर नेऊ नका. निवडलेल्यांच्या साध्या रंगीत प्रती काढून पारदर्शक फोल्डरात ठेवा, दोन संच करा.

खोली ठरवताना

आवारात सितारा आणि तारा ही दोन मुख्य हॉटेलं आहेत. सितारा ऐषारामी, तारा मधल्या बजेटचं. आणखी स्वस्त पर्यायही आहेत, पण ते मोठ्या गटांना बरे. ज्येष्ठांसाठी आमचा कौल ताराच्या खाली जाऊ नये असा. पूर्वी ज्यात राहिलात तेच हॉटेल मिळालं तर सोन्याहून पिवळं. जुनं बिल सापडलं तर जपून ठेवा, पण खोली क्रमांकावर अडून बसू नका. नूतनीकरणात क्रमांक आणि रचना दोन्ही बदलतात. ‘त्याच बाजूची, त्याच मजल्यावरची’ एवढी विनंती करा.

ऑनलाईन पैसे भरण्याआधी एकदा फोन कराच. पॅकेजच्या पानावर न दिसणाऱ्या या गोष्टी विचारा:

१. प्रवेश तिकीट किती दिवसांचं आहे, आणि ते कोणत्या तारखेला लागू होतं? दोन रात्री म्हणजे दोन दिवसांचा प्रवेश असेलच असं धरू नका.
२. दुपारी हॉटेलवर येऊन पुन्हा आत जाता येतं का? सगळी आखणी या उत्तरावर उभी आहे.
३. हॉटेलची गाडी आत कधी सुटते, शेवटची परत कधी येते, आणि ठरलेल्या वेळेव्यतिरिक्त ज्येष्ठांना सोडायला गाडी मिळते का?
४. दोन खोल्या शेजारशेजारच्या मिळतील का? लिफ्टपासून किती लांब?
५. मुलांचा दर वयावर ठरतो की उंचीवर? खोलीचा नियम सहसा वयाचा असतो, खेळण्यांचा उंचीचा. दोन्ही वेगवेगळे विचारा.
६. जादा माणसासाठी पलंग देतात की जमिनीवर गादी? गुडघेदुखीच्या माणसाला जमिनीवरून उठता येत नाही.
७. न्हाणीघरात टब आहे की उभ्यानं अंघोळीची जागा? टबच्या कडेवरून पाय टाकताना म्हातारी माणसं पडतात. टब नसलेली खोली मागा, किंवा बसायला प्लॅस्टिकचं स्टूल सांगून ठेवा.
८. चाकांची खुर्ची मिळते का, आणि ती बसमध्ये चढवता येते का?

उत्तरं मिळाली की ती तुम्हीच ईमेलवर लिहून पाठवा आणि ‘बरोबर’ असं उत्तर मागवा. फोनवर बोललेली माणसं त्या दिवशी ड्युटीवर नसतात. आरक्षण अशा माणसाच्या नावानं करा जो पहिल्या गाडीत असेल. नाहीतर आजी-आजोबा लॉबीत आणि आरक्षणवाला अजून सदाशिवपेटला, असं होतं. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ आधार कार्ड बरोबर ठेवा.

दर पाहताना कर धरला आहे का ते बघा. एका रात्रीचं खोलीभाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आणि त्यापुढं १८ टक्के, असा सप्टेंबर २०२५ पासूनचा नियम आहे. सीमारेषेजवळच्या खोलीत शंभर-दोनशे रुपयांच्या फरकानं एका रात्रीचा करच पावणेचारशेवरून जवळजवळ चौदाशेवर जाऊ शकतो.

रस्ता

पुणे–सोलापूर–हैदराबाद–विजयवाडा हा राष्ट्रीय महामार्ग ६५. सोलापूरही त्यावर आणि फिल्म सिटीही त्यावरच, फक्त मधे अख्खं हैदराबाद शहर आडवं पडलंय. शहरातून जाऊ नका. पटानचेरूजवळ मुत्तंगीला आउटर रिंग रोडवर चढा आणि पेद्दा अंबरपेटला उतरा. रिंग रोड एकूण १५८ किलोमीटरचा. तुमची जवळजवळ अर्धी फेरी होते. गच्चीबावलीकडून जाता येतं तसं मेडचलकडूनही, आणि सकाळी कचेरीच्या वेळेला मेडचलची बाजू मोकळी असते. नकाशात नुसतं ‘अंबरपेट’ टाकू नका. त्या नावाचा भाग शहराच्या आतही आहे आणि मोबाईल तुम्हाला निमूटपणे गर्दीत नेऊन सोडतो. ‘पेद्दा अंबरपेट’ असंच टाका.

एकूण अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे साडेपाचला निघा. नळदुर्ग मागं टाकून उमरग्याला नाश्ता, हुमनाबाद किंवा जहिराबादला चहा आणि पाय मोकळे, संगारेड्डीत शेवटचं स्वच्छतागृह आणि डिझेल. हा शेवटचा थांबा चुकवू नका, कारण रिंग रोडवर मधे गाडी थांबवायला मनाई आहे आणि मधुमेह असलेल्या माणसाला तेवढा वेळ कळ काढता येत नाही. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याचे पैसे एकदमच भरून ठेवा.

भाड्याची गाडी करत असाल तर ऑल इंडिया परमिट आहे का ते आधी कागदावर बघा. वाटेत कर्नाटक आणि तेलंगणा अशी दोन राज्यं लागतात, आणि परमिट नसेल तर कराचा भुर्दंड व तासभराचा खोळंबा तुमच्या माथी. पांढऱ्या नंबरप्लेटची ‘ओळखीतली’ गाडी स्वस्त पडते, पण ती भाड्यानं चालवणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

कंबरदुखीचा त्रास असेल तर रेल्वे बरी. हुसेनसागर, कोणार्क या गाड्या कलबुर्गी, वाडी, तांडूरमार्गे जातात. हैदराबाद किंवा सिकंदराबाद स्टेशनहून फिल्म सिटी ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. मेट्रोनं एल. बी. नगरपर्यंत जाता येतं, पण तिथून पुढं पुन्हा वाहन लागतंच. म्हाताऱ्यांना आणि सामानाला घेऊन ही चढ-उतार करू नका, स्टेशनवरूनच थेट टॅक्सी करा. एक भाऊ गाडीनं आणि आई-वडील रेल्वेनं, अशी विभागणीही चांगली चालते. मात्र गाडीवाल्यानं आदल्या रात्री पोचावं.

वाटेसाठी डब्यात दशम्या, धपाटे, शेंगा चटणी. कडक भाकरी हवी तितकी न्या, आठवडाभर काही होत नाही. फिल्म सिटीच्या आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. औषधं आणि बाळाचं खाणं मात्र फाटकावर दाखवून नेता येतं. हॉटेलच्या जेवणात आंध्र पद्धतीचा तिखटपणा असतो. सोलापूरच्या जिभेला तो जड जात नाही, पण नातवंडांसाठी बिनतिखटाचं पहिल्याच जेवणाला सांगा.

खोलीत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं

सामान सोडण्याआधी खोली तपासा, कारण बदलून मागायची तर तेव्हाच. गरम पाणी सोडून बघा. दोन-तीन मिनिटं थंडच येतं, पाच मिनिटांनीही थंड असेल तर सांगा. कमोडशेजारी धरायला दांडा आहे का, न्हाणीघराच्या उंबरठ्याला किती चढ आहे, हे ज्याला वापरायचंय त्यालाच प्रत्यक्ष चालून बघू द्या. ओल्या फरशीवर घरून आणलेलं रबरी पायपुसणं टाका.

इन्सुलिन असेल तर विशेष काळजी. बऱ्याच हॉटेलांत दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की खोलीची वीज जाते आणि काही ठिकाणी छोटा फ्रिजही त्याबरोबर बंद होतो. दिवसभर बाहेर राहून परत येईपर्यंत तो कोमट. कार्ड काढून फ्रिजचा दिवा चालू राहतो का ते बघा. राहत नसेल तर नाव लिहून इन्सुलिन रिसेप्शनकडं किंवा स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये द्या. बर्फाच्या कप्प्याला ते चिकटून राहू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

एसी २६ वर ठेवा. हॉटेलची पातळ दुलई म्हाताऱ्या अंगाला पुरत नाही, तेव्हा घरची सोलापुरी चादर प्रत्येकी एक न्याच. अनोळखी खोलीत झोप लागायला आपल्या चादरीचा वास आणि वजन दोन्ही उपयोगी पडतात. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार अर्धवट लोटा.

पहिल्या दिवशी आत जाऊ नका. सगळ्यात मोलाचा सल्ला हाच, आणि मोडला जातो तोही हाच. ‘आलोच आहोत तर चक्कर मारू’ म्हणून संध्याकाळी दोन तास चालणं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजी खोलीतच. त्याऐवजी हॉटेलचा जिना, लॉबी, बाहेरची हिरवळ, यांतला एखादा जुना फोटो असेल तर तो आज जुळवा. कर्मचाऱ्यांना फोटोची प्रत दाखवा, आणि घरातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना पुढं करा. जुने कर्मचारी असतील तर तेच जागा ओळखून दाखवतात.

मधला दिवस

सकाळी पहिल्या गाडीनं आत जा. युरेका या चौकातून पुढं सगळं सुरू होतं. सकाळी तिथं स्वागताचा छोटा कार्यक्रम असतो आणि तो ज्येष्ठांना आवडतो. त्यानंतर लाल रंगाच्या जुन्या धाटणीच्या बसमधून मार्गदर्शकासह फेरी असते. या बसची पहिली पायरी उंच असते. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, आणि आधार देणाऱ्यानं उतरताना खाली पुढं उभं राहायचं, मागून धरायचं नाही. बसायला पुढची डावीकडची जागा घ्या, उतरायला सोपं पडतं.

निवडलेल्या बागांपाशी बस थांबते तिथं फोटो जुळवून घ्या, दुपारी एकपर्यंत. विमानतळ आणि रेल्वे स्टेशनच्या सेटवर नातवंडं रमतात. पोकळ भिंतीवर टकटक करून त्यांना आतलं प्लायवूड ऐकवा. जेवून ज्येष्ठांनी हॉटेलवर परतायचं, बरोबर एक मोठं माणूस. हे माणूस कोण, ते आदल्या रात्रीच ठरवा. न ठरवल्यास नेहमी सूनच परत जाते आणि तिचा दिवस खोलीत जातो. पाळी लावा, त्यात मुलगा आणि जावईही आले.

दुपारी उरलेल्यांनी पक्षी उद्यान, फुलपाखरू उद्यान, मुलांचं फंडुस्तान आणि स्टंट शो करावेत. कार्यक्रमांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि प्रत्येकासाठी रांग लागते, म्हणून दोनच शो निवडा. तिसऱ्यामागं धावताना मुलं रडकुंडीला येतात. बोरासुरासारखी भीतीची गुहा लहानांसाठी नाही, आणि हृदयविकार असलेल्यांसाठीही नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात हॉटेलचं नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि चुकामूक झाली तर युरेकापाशी थांबायचं, हे सकाळीच घोकून घ्या. मोबाईलची बॅटरी दुपारनंतर संपते, चिठ्ठी संपत नाही. संध्याकाळच्या समारोपाला ज्येष्ठांना परत आणा, पण तो संपायच्या दहा मिनिटं आधीच गाडीकडं निघा.

तोच फोटो पुन्हा काढताना

जुने रोलवाले छोटे कॅमेरे साधारण ३५ मिलिमीटर लेन्सचे असत. आजच्या मोबाईलचा नेहमीचा कॅमेरा २४ ते २६ मिलिमीटरचा, म्हणजे जास्त रुंद. त्यामुळं त्याच जागी उभं राहिलं तरी माणसं लहान आणि मागची इमारत लांब गेलेली दिसते. लोक मग पुढं सरकतात आणि मागचं सगळं प्रमाण बिघडतं. पुढं सरकू नका, झूम १.४ ते १.५ वर ठेवा.

आधी जागा जुळवायची, मग झूम, माणसं सगळ्यात शेवटी. जुन्या फोटोत एक जवळची आणि एक लांबची अशा दोन न हलणाऱ्या वस्तू निवडा: समजा कठड्याचा खांब आणि मागचा घुमट. खांब घुमटाच्या नेमक्या कुठल्या भागावर येतो ते बघा. आता मोबाईलमध्ये तो त्याहून डावीकडं दिसत असेल तर तुम्हीही डावीकडं सरका. खांब घुमटाच्या उजव्या बाजूला झुकत जाईल. आडवं जुळलं की पुढं-मागं होऊन खांबाची आणि घुमटाची उंची एकमेकांच्या प्रमाणात आणा. तेव्हा कॅमेरा डोळ्याला लावून फोटो काढत, आता छातीपाशी धरतात. मोबाईल डोळ्याच्या उंचीवर आणा. झाडांवर विसंबू नका, पंचवीस वर्षांत ती आभाळ झाकतात.

हे सगळं एकानं आधी जाऊन करायचं, आजोबांना उन्हात उभं करून नाही. जागा सापडली की पायाशी पाण्याची बाटली ठेवा, मग सगळ्यांना बोलवा.

चार बाय सहाच्या जुन्या फोटोचं प्रमाण तीनास दोन असतं, मोबाईलचं चारास तीन. आडव्या फोटोत छपाईला वरचा-खालचा भाग कापला जातो, म्हणून डोक्यावर आणि पायाखाली जागा सोडा.

सावल्यांचा हट्ट धरू नका. जुना फोटो मे महिन्यातल्या सुट्टीचा असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूर-हैदराबादच्या पट्ट्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. नोव्हेंबरात तो दक्षिणेकडं कललेला असतो आणि दुपारीसुद्धा लांब सावली पडते. त्यामुळं तो प्रकाश हिवाळ्यात मिळतच नाही. चेहरे नीट दिसतील अशी सकाळी नऊ ते साडेदहाची वेळ धरा.

खांद्यावर बसवलेल्या मुलाचा फोटो पुन्हा काढायचा तर आजोबांना खुर्ची द्या आणि तो चाळिशीचा मुलगा त्यांच्या मागं उभा करा, नातू मुलाच्या खांद्यावर. प्रत्येक ठिकाणी दहा तरी फोटो घ्या आणि शेवटचा ‘हसा’ म्हटल्यानंतरचा घ्या, सगळे सैल पडतात तेव्हाचा. बहुतेक वेळा तोच अल्बमात जातो.

तिसऱ्या दिवशी

नाश्ता करून निघा आणि अंधार पडायच्या आत सोलापूर गाठा. वाटेत आजोबांना मागच्या सीटवर झोपू द्या, पण दर दोन तासांनी उतरवून चालवा. फार वेळ बसल्यानं पायाला सूज येते.

त्याच आठवड्यात फोटो छापा, पुढं ढकललं की ते मोबाईलमध्येच राहतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले तर बारीक होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर द्या. चार बाय सहाला किमान १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत. जुना आणि नवा फोटो शेजारी येतील असा कोपरे अडकवायचा अल्बम घ्या, चिकट पानांचा नको. मागं बॉलपेननं लिहू नका, दाबाचे वळ पुढं उमटतात आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. मऊ पेन्सिलीनं, कडेला, तारीख आणि डावीकडून उजवीकडं सगळ्यांची नावं लिहा. नातवाचंही पूर्ण नाव लिहा, घरातलं लाडकं नाव नव्हे.